कागद मिळतो, कागदपत्रं मिळत नाहीत

प्रश्न : माझे मामा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत 'एलियन' या चित्रपटावरची १९७९ सालची इंग्रजी पॉकेटबुक कादंबरी सापडली. भयपटांवरच्या अशा जुन्या कादंबऱ्यांना परदेशात शेकडो डॉलर मिळतात आणि आता त्या पुन्हा छापल्या जातायत, असं वाचलं. माझी प्रत विकू की ठेवू? ही पुस्तकं इतक्या वर्षांनी परत का येतायत? आणि एखादं मराठीत आणायचं ठरवलं तर काय करावं लागेल? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : भाऊ, वाईट बातमी आधी सांगून मोकळा होतो. ट्रंकेत सोनं सापडलेलं नाही. ॲलन डीन फॉस्टर यांची 'एलियन' त्या काळी एवढी छापली गेली, की तिच्या जुन्या प्रती आजही सहज मिळतात. तुम्ही वाचलेले शेकडो डॉलर दुसऱ्या पुस्तकांचे. त्याच वर्षी आलेली 'हॅलोविन' घ्या, किंवा १९८० च्या दशकात 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या वेगवेगळ्या भागांवर निघालेली पुस्तकं घ्या. ती लोकांनी गाडीत वाचली आणि गाडीतच टाकली. पुढे संग्राहक जागे झाले तेव्हा बाजारात माल उरला नव्हता. मामांची प्रत विकायला काढलीत, तर परदेशी पाठवायचं टपाल पुस्तकाहून महाग पडेल. ठेवा ती.

मी जळगावात पस्तीस वर्षं जुनी पुस्तकं घेतो-विकतो. मधली काही वर्षं स्वतःची छोटी प्रकाशन संस्थाही चालवली, तिची गोष्ट पुढे येईलच. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या घरून रद्दी निघाली, की मी आजही स्वतः जातो. भुसावळ मोठं जंक्शन. गाडी थांबायची, फलाटावर व्हीलरचा स्टॉल, आणि रात्रपाळीच्या माणसाला हातात मावेल, खाकी खिशात जाईल असं पुस्तक लागायचं. भारतातला बाजार तेव्हा बहुतेक ब्रिटिश प्रकाशकांच्या वाट्याला असे. म्हणून अमेरिकन चित्रपटाचं पुस्तकही आपल्याकडे लंडनच्या छापाचं यायचं. तुमच्या प्रतीवर बहुधा 'फ्युचुरा' हे नाव असेल. बघून घ्या.

ही पुस्तकं निघायचीच का, ते समजलं की परत का येतायत तेही समजतं. १९७९ साली घरोघरी व्हिडिओ नव्हता. चित्रपट एकदा येऊन गेला की गेला. आपल्याकडे तर इंग्रजी भयपट मुंबईनंतर कितीतरी उशिरा यायचा, तोही सकाळच्या खेळाला, मधली दोन रिळं कापलेली. आठवण जपायला काय होतं? हिंदी चित्रपटांची गाण्यांची पुस्तकं. थिएटरबाहेर चार-आठ आण्यांना मिळायची. पहिल्या पानावर कथासार असायचं, आणि नायिका खलनायकाच्या तावडीत सापडली की वाक्य तुटायचं : पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा. आपलं पुस्तक जिथे हात वर करायचं, तिथून त्यांचं पुस्तक सुरू व्हायचं. दोनशे-अडीचशे पानांत अख्खा चित्रपट घरी.

पण तो जसाच्या तसा चित्रपट नसायचा, आणि माझ्या मते या पुस्तकांची खरी किंमत तिथेच आहे. चित्रपट लागायच्या दिवशी पुस्तक स्टॉलवर हवं, म्हणजे छपाई, बांधणी, वाहतूक धरून लेखकाने काही महिने आधी हस्तलिखित द्यायला हवं. तेव्हा चित्रपट तयारच नसायचा. लेखकाच्या हातात पटकथेचा एक खर्डा आणि जेमतेम काही आठवडे. फॉस्टर यांना तर 'एलियन'मधला तो प्राणी कसा दिसतो हेही दाखवलं नव्हतं. गुपित फुटेल म्हणून. तुमच्या हातातलं पुस्तक उघडून पाहा, प्राण्याचं वर्णन कसं हातचं राखून केलंय. वाचताना कुणाला वाटेल, काय संयम आहे लेखकाचा! संयम कसला, बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. तरी पुस्तकाला त्याचा फायदाच झाला. शेवटाकडे नायिका रिप्लीला कॅप्टन डॅलस कोशात गुंडाळलेला, अर्धमेला सापडतो, तो प्रसंगही शोधा. चित्रपटातून तो कापला होता आणि पडद्यावर थेट २००३ च्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत आला. तुमच्या मामांनी तो चोवीस वर्षं आधी वाचलेला होता. भुसावळच्या फलाटावर बसून.

'हॅलोविन'चंही तसंच. पडद्यावरचा खुनी मायकल मायर्स म्हणजे कोरा मुखवटा, तो असा का याला उत्तर नाही. कादंबरीत मात्र सुरुवातच प्राचीन आयर्लंडमधल्या एका शापाने होते, आणि मग त्या पोराच्या कानात बोलणारे आवाज, वेड्यांच्या इस्पितळातली त्याची वर्षं, सगळं येतं. मला स्वतःला ते स्पष्टीकरण आवडत नाही. मुखवट्याआड काही नाही यातच भीती होती. पण पर्याय म्हणून वाचायला मजा येते. मुखपृष्ठावर लेखक कर्टिस रिचर्ड्स. हा माणूस नाहीच. रिचर्ड कर्टिस नावाच्या साहित्यिक एजंटाने नाव उलटवून लिहिलंय. डेनिस एचिसन हा या प्रांतातला फार चांगला कथाकार. 'द फॉग' त्याने स्वतःच्या नावावर लिहिली आणि 'हॅलोविन'चा दुसरा-तिसरा भाग मात्र जॅक मार्टिन या नावाने. हे काम म्हणजे पोटासाठीचं, नावाला बट्टा लागायला नको, असा हिशेब असणार. आपल्याकडे रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी टोपणनावं घेतलीच की.

कधीकधी मात्र पुस्तकच तेवढं उरतं. टॉड ब्राउनिंग यांचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा चित्रपट १९२७ साली आला. त्याची शेवटची माहीत असलेली प्रत १९६५ साली एमजीएम या चित्रपट कंपनीच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. मेरी कूलिज-रास्क यांनी १९२८ साली त्यावर लिहिलेली कादंबरी मात्र आहे. अमेरिकेत २०२४ च्या १ जानेवारीपासून ती कुणालाही छापता येते. आजोबा गेले, पण त्यांची गोष्ट सांगणारी आत्या जिवंत आहे, तसं हे.

एवढं असून ही पुस्तकं तीस-चाळीस वर्षं अडून का राहिली? कागद मिळत होता, छापखाने होते, गिऱ्हाईक होतं. अडलं ते कागदपत्रांवर. माझीच फजिती ऐका.

१९९० च्या दशकात एका इंग्रजी भयपटाच्या कादंबरीचा मराठी अनुवाद मी काढायला घेतला. कुठला ते सांगत नाही. लेखकाचा पत्ता मिळवला, पत्र टाकलं. दीड महिन्याने सहीचं उत्तर आलं : खुशाल करा, माझी हरकत नाही. मी ते पत्र फ्रेम करून प्रेसमध्ये लावलं. अनुवाद केला, खिळे जुळवून कंपोझ झालं, अकरा फर्मे छापले, पाचशे प्रती बांधून आल्या. मग मुंबईच्या एका वकिलाची नोटीस. लेखकाची हरकत नव्हती हे खरं, पण हरकत घ्यायचा हक्कच त्याच्याकडे नव्हता. त्याने ठरावीक रकमेवर काम करून दिलं होतं, मालकी चित्रपट कंपनीची. ऐंशीएक प्रती गेल्या होत्या, उरलेल्या रद्दीत घातल्या. पुढचे कितीतरी दिवस स्टेशनजवळच्या दाणेवाल्याकडे खारे शेंगदाणे घेतले की पुडीवर माझाच अनुवाद. एकदा तर पुडी उघडली आणि खुनाच्या प्रसंगातली मुद्रणाची चूक सापडली. दोनदा प्रूफ वाचूनही राहिली होती!

तेव्हापासून मी पुस्तक हातात आलं की गोष्ट नंतर वाचतो, आधी शीर्षकपानाची मागची बाजू. गोलातल्या 'सी'पुढे, म्हणजे कॉपीराइटच्या खुणेपुढे, कुणाचं नाव आहे? लेखकाचं असेल तर लेखकाशी किंवा त्याच्या वारसांशी बोला. कंपनीचं असेल तर लेखक कितीही भला माणूस असला तरी त्याच्या पत्राने काही होत नाही. अमेरिकेच्या कायद्यात नेमून, लेखी करार करून घेतलेल्या अशा कामाचा मालक पहिल्यापासून काम देणारा धरता येतो. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा वेगळा आहे. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलं, तर पहिला मालक तोच, मग करारात त्याने काय देऊन टाकलं ते पाहायचं. पण तुमचा व्यवहार परदेशी करारावर उभा असणार, तेव्हा तो करार काय म्हणतो ते महत्त्वाचं.

आणि करारही दर पुस्तकाला वेगळा. फॉस्टर यांना 'एलियन'च्या विक्रीवर मानधनाचा वाटा ठरलेला होता. 'एलियन' काढणारी फॉक्स कंपनी डिस्नीने घेतल्यावर तो मिळेनासा झाला, अशी जाहीर तक्रार त्यांनी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लेखक संघटनेमार्फत केली. म्हणजे पुस्तक दुकानात खपतंय आणि लिहिणारा हिशेब मागतोय. पुस्तक परत छापलं गेलं म्हणून लेखकाच्या घरी दिवाळी आलीच असं समजू नका.

चित्रपटाचा हक्क आणि पुस्तकाचा हक्क ही दोन वेगळी शेतं आहेत, बांध एक असला तरी. लोकांचा घोळ इथे होतो. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ चा चित्रपट अमेरिकेत कुणाच्याही मालकीचा नाही. ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या शीर्षकपाटीवर हक्काची ओळ टाकायची राहून गेली, त्या काळच्या कायद्याने तेवढ्यावर मालकी गेली. म्हणून कुणी म्हणेल, चला, पुस्तकही छापू. तर जॉन रुसो यांची त्यावरची कादंबरी १९७४ ची, तिचा हक्क स्वतंत्र. उलटं उदाहरण 'किंग काँग'चं. चित्रपट १९३३ चा, डेलोस लव्हलेस यांची कादंबरी त्याच्या आधी, १९३२ च्या शेवटी आलेली. तिच्या हक्काचं नूतनीकरण कुणी केलं नाही. १९७० च्या दशकात दोन मोठ्या कंपन्या काँगवरून कोर्टात गेल्या तेव्हा न्यायाधीशांनी सांगितलं, चित्रपट मालकीचा असला तरी कादंबरी मोकळी आहे, तिच्यावरून नवं काही करता येईल. स्टॉलवरचं एवढंसं पुस्तक, कोट्यवधींच्या दाव्यात साक्षीदार म्हणून उभं राहिलं. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या मूळ पटकथेचा हक्क कुणाचा, यावरही वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२१ मध्ये अपील कोर्टाने पटकथाकार व्हिक्टर मिलर यांच्या बाजूने निकाल दिला. अशी भांडणं चालू असताना जुनं पुस्तक परत छापायचं धाडस कोण करेल?

आता परत का येतायत. एक कारण वय. जी पोरं १९८० च्या दशकात ही पुस्तकं दप्तरात लपवून वाचायची, ती आज पन्नाशीत आहेत, खिशात पैसे आहेत. 'एलियन' २०१४ मध्ये टायटन या प्रकाशनाने परत काढली. जॉर्ज रोमेरो आणि सुझाना स्पॅरो यांची १९७८ ची 'डॉन ऑफ द डेड' २०१५ मध्ये आली. २०१७ साली ग्रेडी हेंड्रिक्स यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या भयकादंबऱ्यांचा, त्यांच्या भडक मुखपृष्ठांसकट, एक सचित्र इतिहास लिहिला. त्यात बहुतेक स्वतंत्र कादंबऱ्या आहेत, चित्रपटांवरच्या कमी, पण बाजार त्याने हलवला. मग २०२१ मध्ये दिग्दर्शक टॅरँटिनोने स्वतःच्याच चित्रपटावर कादंबरी लिहिली, आणि तीही मुद्दाम जुन्या पॉकेटबुकसारखी सजवून. तिथून या प्रकाराकडे नाक मुरडणं कमी झालं. आता नव्या भयपटांवर पुन्हा पुस्तकं निघतायत, टिम वॅगनर यांची 'हॅलोविन किल्स', 'टेरिफायर २'. इतकंच नाही, ज्या जुन्या चित्रपटावर तेव्हा पुस्तक निघालंच नाही त्यावर आज लिहून घेतात. 'सेशन नाइन' २००१ चा, त्याची कादंबरी वीसेक वर्षांनी आली.

दुसरं कारण छपाईचं, आणि ते माझ्या धंद्यातलं म्हणून जरा सांगतो. ऑफसेटवर तीनशे प्रती काढल्या तर प्लेटचा खर्च अंगावर बसतो. मागणी येईल तशी एकेक प्रत छापायची सोय झाल्यापासून दोन-तीन माणसांची प्रकाशनंही असलं पुस्तक काढू शकतात. गोदाम नको, रद्दीवाला नको. तरी मजकूर आणायचा कुठून? त्या काळच्या छपाईच्या फिल्म्स कधीच गेल्या, संगणकावर काही नाही. मग एक जुनी प्रत मिळवायची, कटिंग मशीनवर तिचा कणा उडवायचा, सुटी पानं स्कॅन करायची आणि संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची. तो आर आणि एन शेजारी आले की एम समजतो. पिवळ्या पानावरचा डाग त्याला स्वल्पविराम वाटतो. नवी आवृत्ती घ्याल तेव्हा कुठलंही मधलं पान उघडून अर्धं वाचा. प्रूफ नीट पाहिलेलं नसेल तर तिथेच कळतं. मुखपृष्ठ वेगळं दिसलं तर चिडू नका. जुन्या चित्राचा हक्क चित्रकाराचा किंवा कंपनीचा, नटाच्या चेहऱ्याचा प्रश्न निराळा, मधली आठ पानं फोटो असायचे त्यांचा आणखी निराळा. म्हणून नव्या आवृत्तीत फोटो सहसा गळतात. वाचायला नवी घ्या. मामांची प्रत उघडून उघडून वाचू नका, कारण तिचा डिंक वाळलाय.

ते आपल्या हवेचं देणं. कोकणात पुस्तकाला बुरशी लागते, खानदेशात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कण्याचा डिंक काचेसारखा होतो आणि तडकतो. पत्र्याची ट्रंक म्हणजे भट्टीच. पुस्तक बाहेर काढा, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा. चिकटपट्टी लावू नका, ती दहा वर्षांत तपकिरी होऊन कागद खाते. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, ओला पाला डाग पाडतो.

राहिलं मराठीचं. वाचक आहे का? आहे. अमळनेर, पारोळा, शिरपूरकडून येणारी माणसं आजही दुकानात शिरतानाच विचारतात, "भूतनं पुस्तक शे का?" मी नारायण धारपांची एखादी जुनी प्रत पुढे करतो. धारपांची पुस्तकं नव्याने छापून आली, खपली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा तर ठेवल्या की जातात. २०१८ चा 'तुंबाड' २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. तेव्हा जुनं भय विकत नाही असं कुणी म्हणू नये.

कायदा सांगतो, अनुवाद हा मूळ मालकाचाच हक्क. आपल्या कायद्याच्या ३२ व्या कलमात अशी वाट आहे की पहिल्या प्रकाशनाला ७ वर्षं होऊन त्या भाषेत अनुवाद निघाला नसेल, तर अर्ज करून परवाना मागता येतो. कागदावर छान आहे. पाचशे प्रतींसाठी कुणी ती वाट चालताना मी पाहिलेलं नाही. सरळ मूळ प्रकाशकाच्या हक्क विभागाला पत्र लिहा : कुठलं पुस्तक, मराठी, किती प्रती, अंदाजे किंमत, किती वर्षांसाठी. चित्रपट कंपनीची मान्यता कोण आणणार, हेही त्याच पत्रात विचारा. आगाऊ रक्कम डॉलरमध्ये सांगतील. आकडा ऐकून घाबरू नका, मराठीची आवृत्ती केवढी असते ते समजावलं की खाली येतात, कधीकधी येत नाहीत. करारात मुदत आणि हद्द लिहून घ्या. न लिहिल्यास आपला कायदा मुदत ५ वर्षं आणि हद्द भारतापुरती धरतो.

अनुवादातली एक गोष्ट मात्र खानदेशातला म्हणून सांगतोच. इंग्रजी भयकथेत 'विच' पावलोपावली येते. तिला 'डाकीण' करू नका. नंदुरबारच्या सातपुड्यात त्या शब्दाने आजही बायांना गावाबाहेर काढतात, मारतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, पण शब्दाची धार गेलेली नाही. 'चेटकीण' गोष्टीतली वाटते, ती चालेल. तसंच मायकल मायर्सला पटकथेत 'द शेप' म्हटलंय. मी 'आकृती' केलं असतं. 'सावली' गोड होते आणि 'भूत' म्हटलं की विषयच संपला.

माझ्या मनातलं विचाराल तर मी परदेशी पुस्तकामागे लागण्यापेक्षा एखाद्या मराठी भयपटाची कादंबरी करायला घेईन. निर्माता पुण्या-मुंबईत भेटतो, पटकथाकार फोन उचलतो. दोघांचीही लेखी परवानगी घ्यायची, एकाच्या सहीवर भागवायचं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर पटकथाकाराचा मानधनाचा वाटा सहजासहजी काढून घेता येत नाही, तेव्हा तो पहिल्याच कागदावर लिहा. आणि तयार चित्रपट बघून लिहू नका, पटकथेचा जुना खर्डा मागा. कापलेले प्रसंग त्यातच असतात.

तूर्त एवढंच करा : मामांच्या पुस्तकाच्या शीर्षकपानाची मागची बाजू बघा, गोलातल्या 'सी'पुढचं नाव आणि कितवं मुद्रण आहे ते मला कळवा. पत्राचा मसुदा त्यावरून करू.